जरा सरकून घ्या

जुलैतला पहिला रविवार, म्हणजे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा. पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता, त्यामुळे मंडळी कमी. मी नेहमीच्या जागी बसले होते, डावीकडच्या शेवटून दुसऱ्या बाकाच्या कडेला. शेजारी पर्स, पर्सला टेकवलेली ओली छत्री, आणि पलीकडे अख्खा बाक मोकळा. दुसरं गीत सुरू झालं तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. कचरा वेचणारी. पाठीवरचं पोतं तिने बाहेर पायरीशी भिंतीला लावून ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि दोन पावलं आत आली. साडीच्या काठातून पाणी गळत होतं. तिने बाकांवरून नजर फिरवली. ती नजर माझ्या बाकाशी येऊन थांबली, कारण दारापासून जवळची मोकळी जागा तीच होती. मला ते दिसलं. मी मान खाली घातली आणि गीताच्या पुस्तकात पाहू लागले. ते गीत मला लहानपणापासून पाठ आहे.

एवढंच झालं.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग दाराजवळच्या खांबाला टेकून खाली फरशीवर बसली. पुढे उपदेश झाला, प्रार्थना झाल्या, प्रभुभोजन आलं. भाकरीचे बारीक तुकडे आणि द्राक्षरसाचे चिमुकले पेले असलेली तबकं चर्चच्या पंचांच्या हातांतून बाकांवर फिरू लागली. ज्यांचं दृढीकरण झालंय, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर ज्यांनी आपला विश्वास सगळ्यांसमोर कबूल केलाय, त्यांनीच घ्यायचं, असा आमचा नियम आहे. त्या नियमामागे विचार आहे आणि मला तो मान्य आहे. पण त्या दिवशी तबक शेवटच्या बाकावरून परत फिरताना खाली बसलेल्या त्या बाईच्या अगदी डोक्यावरून गेलं, आणि तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. भाकर माझ्या जिभेवर होती. ती गिळायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. आशीर्वाद होऊन मागे वळले तेव्हा ती निघून गेली होती. खांबाशी फरशीवर ओला डाग तेवढा उरला होता, बसलेल्या माणसाच्या आकाराचा.

घरी आल्यावर कुणाशी बोलले नाही. कुणी तिला हाकललं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं, म्हणजे सांगण्यासारखं घडलंच नव्हतं. पण रात्री पडल्यावर एकच गोष्ट आठवत राहिली. पर्स उचलून मांडीवर घ्यायला किती वेळ लागतो?

लहानपणी मे महिन्यात आम्ही नगरहून नेवाशाच्या एसटीने आजीच्या गावाला जायचो. दोघांच्या सीटवर तिघं, तिघांच्या सीटवर पाच, मधल्या वाटेत टोपल्या, कोंबड्या, पाण्याच्या कळश्या. आजी खिडकीशी बसायची आणि गाडीत नवं माणूस चढलं की त्याने विचारायच्या आधीच मला कोपराने ढोसायची, ‘सरक गं पोरी.’ मी म्हणायचे, आता कुठे सरकू? ती म्हणायची, ‘सरकलं की जागा व्हती.’ आणि खरंच व्हायची. कुठून व्हायची कळत नसे. कुणाचं तरी हाड टोचायचं, कुणाच्या घामाचा वास यायचा, पण माणूस बसायचं. बसलं की ते पुढच्याला म्हणायचं, ‘या, जरा सरकून घ्या.’

गावातलं देऊळ म्हणजे मिशनच्या शाळेची एकच खोली. आजी चर्चला देऊळच म्हणायची. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी देऊळ. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 साली नगरला आली, आणि तिथून ती तालुक्या-तालुक्यांत, खेड्यापाड्यांतल्या वाड्यांपर्यंत पोचली. आमच्या वाड्यातली ही खोली त्यांचीच. बाक नव्हते. सारवलेली जमीन, वर एक सतरंजी, ती पुरली नाही की घोंगडी. पावसाळ्यात ओल्या घोंगडीचा आणि रॉकेलच्या दिव्याचा एकत्र वास यायचा. तो वास मला आजही कुठे आला तर वाटतं, आता कुणीतरी पेटीचा भाता उघडणार. बाक नसल्यामुळे एक गोष्ट होती, जागा कधी संपायची नाही. उशिरा आलेला माणूस दारात उभा राहिला की सगळी बैठक बसल्या बसल्या हलायची, गुडघे आक्रसायचे, पोरं मांडीवर जायची, आणि त्या हलण्यात एक भोक पडायचं, नेमकं एका माणसाएवढं.

आजीचे सासरे त्या गावातले पहिले बाप्तिस्मा घेतलेले. महारकीची कामं करणारं घर. आजीने त्यांना म्हातारपणी पाहिलं होतं, आणि त्यांच्याकडून ऐकलेलं ती मला सांगायची. मास्तर वाचत होते आणि ते बाहेर पडवीत उभे राहून ऐकत होते. वचन होतं, ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ हे वचन मराठी ख्रिस्ती घरांत भिंतीवर टांगलेलं असतं, इतकं ओळखीचं की आम्ही ते वाचतच नाही. आजीच्या सासऱ्यांना त्यातला विसावा ऐकू आला नव्हता. त्यांना ऐकू आलं ‘अहो’. त्यांना ऐकू आलं ‘या’. जन्मभर त्या माणसाला कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. गावातलं दहा वर्षांचं पोरही त्यांना ‘ए’ म्हणायचं. आणि ‘या’? त्यांच्या वाट्याला जो शब्द होता तो ‘लांब हो’. त्यांनी मास्तरांना विचारलं म्हणे, हे कुणाला म्हणलंय? मास्तर म्हणाले, तुम्हाला. त्यांनी पुन्हा विचारलं, मला ‘या’ म्हणलंय?

ज्यांनी हे वचन मराठीत आणताना ‘अरे’ न लिहिता ‘अहो’ लिहिलं, त्यांचे हात मला धरावेसे वाटतात. मराठीत बोलावणं आधी त्या पहिल्या अक्षरात ठरतं. पुढचं सगळं नंतर.

लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात मोठ्या जेवणाचा दाखला आहे. एका माणसाने पंगत मांडली, बोलावलेल्यांनी सबबी सांगितल्या. एकाने शेत घेतलं होतं, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाचं नुकतंच लग्न झालं होतं. मग यजमानाने चाकराला सांगितलं, जा, गल्लीबोळांतून, रस्त्यांवरून, कुंपणांपासून मिळतील तेवढी माणसं आण, माझं घर भरलं पाहिजे. आजी या दाखल्याला ‘चूलबंद आवतणाची गोष्ट’ म्हणायची. घरातल्या चुलीलाच आवतण, आज कुणाच्या घरी जाळ करायचा नाही, पोरंबाळं, म्हातारे, पाव्हणे सगळे घेऊन या. गावात लग्न असलं की तसं आवतण मराठ्यांच्या आळीत यायचं. आमच्या वाड्यात सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर निरोप यायचा, भांडी घेऊन या. पंगत नाही. उरलेलं भांड्यात पडायचं, वरून, हात न लागता. आजीला दाखल्यातलं ‘कुंपणांपासून’ फार आवडायचं. ‘कुपाटीपाशी कोन ऱ्हातं? आमीच की,’ ती म्हणायची. तिला त्यात कुठलाही रूपकाचा अर्थ लावावा लागत नव्हता.

पण एक उतारा आला की ती गप्प व्हायची. मत्तयाच्या शुभवर्तमानातली ती कनानी, म्हणजे परजातीतली बाई. लेकीसाठी गयावया करत येशूच्या मागे येते, शिष्य म्हणतात हिला घालवून द्या, आणि येशू स्वतः म्हणतो की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नव्हे. मी हा उतारा किती वेळा ऐकला आहे, त्यावरचे उपदेशही ऐकले आहेत. तो तिची परीक्षा पाहत होता असं सांगतात. मला ते पुरत नाही. ते वाक्य कठीण आहे आणि कठीणच राहू द्यावं असं मला वाटतं. आजीची सासू दारोदार भाकर मागून आणायची, बलुत्याची, हक्काची, पण मागून. सणाच्या दुसऱ्या दिवशी शिळी. भाकर टाकणाऱ्या बाईच्या उंबऱ्याशी कुत्रं असायचं, आणि कधी भाकर आधी त्याच्याकडे जायची. असं घर ज्या बाईचं, तिला तो उतारा काय ऐकू येत असेल? मी एकदा विचारलं. आजी बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, ‘ती बाई मागं फिरली न्हाई. त्यानं असं म्हनल्यावर बी न्हाई. म्हनली, मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्री बी खात्यात की. आन् त्यानं तिचं ऐकलं. देवाला बी तिनं सरकाया लावलं, बघ.’

देवालाही सरकायला लावलं. हे मी तिच्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दुष्काळात धान्यासाठी बाटले, असं आमच्याबद्दल बोललं जातं. 1876 ते 1878 चा दुष्काळ आणि नंतरचे, नगर जिल्ह्याने सगळे भोगले आणि त्या काळात बाप्तिस्मे वाढले हे खरंच आहे. लहानपणी शाळेत कुणी असं म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आजीला कधी झालं नाही. ती म्हणायची, भुकेल्याला कुणी जेवायला बोलावलं आणि तो गेला, यात लाजायचं काय? जो बोलावत नाही त्याने लाजावं.

वरच्या पंगतीतून आलेली माणसंही होती आणि त्यांचा प्रवास मला वेगळ्या कारणाने जवळचा वाटतो. नारायण वामन टिळक, कोकणातले चित्पावन. 1893 साली ते आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात चढणं म्हणजे अपमानाची तयारी ठेवून चढणं. पण त्याने टिळकांना आदराने वागवलं, दोघांच्या काव्यावर गप्पा झाल्या, आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लोक त्या गृहस्थाच्या भाकिताविषयी बोलतात, त्या पुस्तकाविषयी बोलतात. मला मात्र नेहमी वाटतं की पुस्तकाआधी त्या बाकावर जागा झाली असणार.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागाहून आल्या, पाच वर्षांनी. आधी त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग त्याच्यासोबत पण स्वतःची चूल वेगळी, पाणी वेगळं. सोवळं कसं सुटत गेलं हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, इतकं खरं की वाचताना आपल्याच घरातली बाई बोलतेय असं वाटतं. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. पाण्याच्या एका घोटासाठी त्यांना किती आतून हलावं लागलं असेल! आमच्या लोकांना ‘या’ म्हटल्यावर आत यायचं होतं. लक्ष्मीबाईंना आत असलेल्या जागेवरून सरकायचं होतं. दुसरं कमी अवघड आहे असं आता मी म्हणणार नाही.

आणि टिळक शेवटी कुठे जाऊन पोचले ते पाहा. 1917 साली मिशनचं पगारी काम सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही. ख्रिस्ताचा शिष्य व्हायचं असेल तर ये, पाण्याचं नंतर बघू. मिशनच्या आणि चर्चच्या चौकटीत न बसणारी गोष्ट होती ती. 9 मे 1919 ला टिळक गेले, दरबाराला दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. माझं मन इथे दोन्हीकडे ओढलं जातं. बाप्तिस्मा ही मला क्षुल्लक गोष्ट वाटत नाही. आजीच्या सासऱ्यांनी त्यासाठी गावाचा मार खाल्ला होता. पण त्या रविवारी डोक्यावरून गेलेलं तबक आठवलं की मला साताऱ्याचा तो दरबार डोळ्यांसमोर येतो, ज्यात दाराशी कुणाला थांबावं लागत नसे.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर वरचं सगळं अर्धं राहील. आमच्याच तालुक्यात महारांतून आलेले ख्रिस्ती आणि मांगांतून आलेले ख्रिस्ती वेगळे बसायचे. एकच प्रभू, एकच वचन, आणि सतरंजीवर मध्ये एक न काढलेली रेघ. लग्नं तर आजही विचारून होतात. आणि जिने मला ‘सरक गं पोरी’ शिकवलं ती माझी आजी मांगवाड्यातल्या ख्रिस्ती घरी पाणी पीत नसे. ‘तहान न्हाई,’ म्हणायची. मे महिन्याच्या दुपारी, तीन मैल चालून गेल्यावर, तहान नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिच्यासोबत अशा एका घरी गेले होते. तिथल्या म्हातारीने पितळी तांब्या पुढे केला. आजीने नेहमीचं वाक्य म्हटलं. म्हातारी तांब्या धरून तशीच उभी राहिली, तिचा हात थरथरत होता, आणि पाणी तांब्याच्या काठावर लिहिल्यासारखं हलत होतं. मला तहान लागली होती. मी हात पुढे केला. आजीने माझ्याकडे पाहिलं, मग तिने तो तांब्या माझ्या आधी स्वतःच घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून प्यायली. घटाघटा. पदराने ओठ पुसले आणि म्हणाली, ‘गार हाय.’ परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. त्या वेळी तिचं वय साठीच्या पुढे होतं आणि जन्मापासून ती ख्रिस्ती होती.

नोकरीची काही वर्षं मी मुंबईत काढली, दादरला राहायचे. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चपुढे रस्ता फुलून जायचा. 1948 पासून तिथे दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे कॅथलिकांची नवसाची प्रार्थना होते, मदर मेरीची. मी प्रोटेस्टंट घरातली, मेणबत्त्या आणि मूर्ती यांच्यापासून अंतर राखून वाढलेली, त्यामुळे कैक बुधवार बसमधूनच पाहत गेले. मेणाची बाळं, मेणाची घरं, मेणाचे पाय घेऊन रांगेत उभी असलेली माणसं. कुंकू लावलेल्या बाया, बुरख्यातल्या बाया, ऑफिसची बॅग खांद्याला लावलेले पुरुष. घरात आजारपण होतं तेव्हा एका बुधवारी मी उतरले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी खांबाशी उभी राहिले, अवघडून, परक्या घरी आल्यासारखी. बाकाच्या कडेला एक बाई बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलून मांडीवर घेतली, शेजारणीला म्हणाली, ‘जरा सरकून घ्या हो,’ आणि हाताने बाकावर थोपटलं. मी बसले. ती हिंदू, चर्च कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. तिच्या बांगड्या माझ्या दंडाला लागत होत्या. मी त्या दिवशी खूप रडले आणि तिने काही विचारलं नाही.

पोप फ्रान्सिस 2023 च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला जमलेल्या लाखो तरुणांना म्हणाले होते की चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, आणि मग त्यांनी पोरांकडून आपापल्या भाषेत तो शब्द तीनदा म्हणवून घेतला, सगळे, सगळे, सगळे. मी ते मोबाइलवर पाहिलं तेव्हा मला ते पिशवी उचलून घेणारे हात आठवले होते. मग पाऊस पडत असलेल्या त्या रविवारी माझे हात पुस्तकाला का चिकटून राहिले? मला मिळालेली जागा मी मोजून पाहिली आहे. पडवीतल्या म्हाताऱ्याला मिळालेलं ‘या’, सतरंजीवरचं माणसाएवढं भोक, माहीमचा थोपटलेला बाक. इतकं मिळालेल्या बाईच्या बाजूला एक पर्स होती आणि तिने ती उचलली नाही.

तीन आठवड्यांनी ती दिसली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पुठ्ठे बांधत होती. मी तिच्यापाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, त्या रविवारी तुम्ही चर्चमध्ये आला होतात ना? ती दचकली. तिला वाटलं मी काही चोरीबिरीचं विचारतेय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मला अंगभर चटका बसला. मी घाईघाईने म्हटलं, नाही, तसं काही नाही, तुम्ही खाली बसलात, बाकावर जागा होती, म्हणून.

‘वल्ली होते ना ताई,’ ती म्हणाली. ‘बाक खराब झाला असता.’

मग सुतळीला गाठ मारत म्हणाली, ‘पेटी-तबला ऐकू आला. मला वाटलं भजन हाय. आमच्याकडं बी आसंच आसतं.’ मी म्हटलं, भजनच आहे. तिने नाव विचारलं, मी सांगितलं. तिनेही तिचं सांगितलं. मी म्हटलं, या हं. ‘या’ म्हणताना माझा आवाज बसला होता, तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. तिने पुठ्ठ्यांचा गठ्ठा डोक्यावर घेतला आणि हातगाडीकडे गेली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारीही पाऊस होता. मी थोडी लवकर गेले. त्याच बाकावर, पण आतल्या बाजूला भिंतीशी जाऊन बसले. कडेची जागा मोकळी सोडली. पहिलं गीत झालं, दुसरं झालं. दारातून वारा येत होता आणि बाहेर पायरीवर पागोळ्या पडत होत्या. माझी सवय पाहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी खुणेने विचारलं, आज तिकडे का? मी हसले. पर्स बाकावरून उचलून खाली पायाशी ठेवली. फरशी ओली होती.